वर्दी आली नाही : संगणकजाळे बंद पडल्याचे कळते कसे?

२९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी शेकडो किलोमीटर उत्तरेला, मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात ‘लॉगिन’ हा शब्द टंकू पाहत होता. ‘एल’ पोहोचले, ‘ओ’ पोहोचले आणि पुढच्या अक्षराला पलीकडचा संगणक कोलमडला. आर्पानेटवरचा पहिला संदेश दोन अक्षरांतच संपला. ही कथा इंटरनेटच्या प्रत्येक इतिहासात असते.

त्या कथेतला एक तपशील मात्र सहसा मागे पडतो. क्लाइन आणि पलीकडचा बिल ड्युव्हल हे दोघे त्या वेळी टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होते. ‘एल’ आले का? आले. ‘ओ’ आले का? आले. म्हणजे नव्या जाळ्याचा पहिला बिघाड जगाला कळला तो जुन्या जाळ्यामुळे. टेलिफोन नसता तर क्लाइनला एवढेच दिसले असते की पडदा गप्प आहे. गप्प का आहे, हे सांगणारे कोणी नव्हते.

आजचा हा लांबलचक थ्रेड त्या गप्प असण्याविषयी आहे. जाळे बंद पडल्याचे कळते कसे, आणि ते पडणार आहे हे आधी कळू शकते का? प्रश्न अभियंत्यांचा वाटतो. पण मी त्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वळलो, कारण दप्तरात एखाद्या वर्षाची कागदपत्रे नसली की आपल्यालाही हाच पेच पडतो. त्या वर्षी काही घडलेच नाही, की घडले ते लिहिणारा उरला नाही?

आधी थोडी पार्श्वभूमी. आर्पानेटचे काम अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीला दिले होते. तिला सगळे बीबीएन म्हणत. प्रत्येक विद्यापीठातल्या मोठ्या संगणकाशेजारी बीबीएनने एक छोटा, मजबूत पेटीतला संगणक बसवला. हनिवेल कंपनीचे हे यंत्र संदेशांचे तुकडे, म्हणजे पॅकेटे, पुढच्या ठाण्याकडे ढकलत असे. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून त्याला ‘इम्प’ म्हणत. १९६९ सरताना चार ठाणी होती. १९७१ मध्ये पंधरा. ठाण्यांना जोडणाऱ्या तारा टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या होत्या.

चार ठाणी पश्चिमेकडे आणि ती बांधणारी माणसे पूर्वेकडे. बिघाड झाला की विद्यापीठातून फोन येई आणि मग फोनवरूनच निदान सुरू होई. १९७० च्या आरंभी बीबीएनच्याच इमारतीत पाचवा इम्प बसला आणि चित्र पालटले. आता प्रत्येक इम्पने आपली प्रकृती केंब्रिजला स्वतःच कळवावी अशी सोय झाली. साधारण मिनिटाला एकदा प्रत्येक ठाण्याकडून वर्दी येई : माझ्या तारा चालू आहेत, माझा मोठा संगणक चालू आहे, इतकी पॅकेटे गेली. या वर्द्या जिथे जमा होत ती खोली म्हणजे नेटवर्क नियंत्रण केंद्र. अलेक्स मॅकेन्झी यांनी १९७० च्या अखेरीस त्याची सूत्रे हाती घेतली. जाळे हा संशोधकांचा प्रयोग नसून वीजपुरवठ्यासारखी अखंड सेवा आहे, अशा वृत्तीने त्यांनी ते चालवले.

या वर्द्यांमधून जी बातमी मिळे तिच्यापेक्षा जी मिळत नसे ती अधिक महत्त्वाची होती. एखाद्या ठाण्याची वर्दी ठरल्या वेळी आली नाही, तर अर्थ काय घ्यायचा? एक, तिथला इम्प मेला. दोन, इम्प धडधाकट आहे पण त्याच्याकडे जाणाऱ्या सगळ्या तारा तुटल्या. तीन, ते ठाणेही ठीक, ताराही ठीक, पण मधले एखादे ठाणे कोसळल्याने केंब्रिजच त्या भागापासून तुटले आहे. दुरून पाहणाऱ्याला तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. वाट बंद झाली तर वाट बंद झाल्याची खबर आणणारा जासूदही त्याच वाटेवर अडकतो.

बीबीएनने यातून काढलेला मार्ग आपल्या ओळखीचा आहे : शेजाऱ्याची साक्ष. प्रत्येक इम्प आपल्या प्रत्येक तारेवर सतत एक छोटी हाक देत असे आणि पलीकडून ‘ऐकू आले’ असे उत्तर अपेक्षित असे. लागोपाठ काही उत्तरे हुकली की तार मेली असे धरायचे आणि तसे केंद्राला कळवायचे. दोन्ही टोकांचे म्हणणे जुळले तर निष्कर्ष पक्का. त्यापुढे आणखी एक युक्ती होती. केंद्रातून आज्ञा देऊन दूरच्या ठाण्यावरची जोडणी अशी वळवता येई की पाठवलेला संदेश तारेवर न जाता तिथल्या तिथे परत यावा. परत आला तर यंत्र निर्दोष, दोष पुढे. मग वळण थोडे पुढे सरकवायचे. असे करत दोष यंत्रात, मोडेममध्ये की तारेत, हे हजारो किलोमीटरवरून ठरवता येई.

त्यामुळे केंब्रिजमधून टेलिफोन कंपनीला फोन जाऊ लागले, की तुमच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अमुक दोन शहरांमधली तार बिघडली आहे. पलीकडच्या माणसाचा विश्वास बसत नसे. तुम्ही बोलता कुठून? मॅसॅच्युसेट्समधून? मग कॅलिफोर्नियातली तार बिघडल्याचे तुम्हाला कसे कळले? पण बीबीएनचे म्हणणे बहुधा खरे निघे, आणि कधी कधी तर तार पुरती मरण्याआधीच खरे निघे. हुकलेल्या उत्तरांची मोजदाद रोज ठेवली की दुबळी होत चाललेली तार ओळखता येते. संगणकजाळ्यांच्या इतिहासातले हे पहिले भाकीत म्हणायला हरकत नाही. आणि त्याला हिशेबाच्या वहीपलीकडे काहीही लागले नव्हते.

इथे थांबले असते तर ही यशोगाथा झाली असती. पण सुट्या भागांचे झिजणे ही एक गोष्ट आणि भागांमधल्या समजुतीचे बिघडणे ही दुसरी. पहिली मोजता येते. दुसरीचा पहिला मोठा झटका १९७३ च्या नाताळात बसला.

हार्वर्डच्या इम्पच्या मेमरीत दोष निर्माण झाला. मार्गांचा तक्ता वाचताना त्याला सर्वत्र शून्य दिसू लागले. त्या काळच्या पद्धतीनुसार प्रत्येक इम्प शेजाऱ्यांना सांगे की अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे, आणि शेजारी त्यावर विश्वास ठेवत. हार्वर्डने सांगितले : जगातले प्रत्येक ठिकाण माझ्यापासून शून्य अंतरावर आहे. ही वार्ता ठाण्यामागून ठाण्यात पसरली आणि देशभरची पॅकेटे हार्वर्डकडे धावत सुटली, तिथे पोहोचून नाहीशी होण्यासाठी. लक्षात घ्या, हार्वर्डचा इम्प गप्प नव्हता. तो बोलत होता, नियमित बोलत होता आणि धडधडीत चूक बोलत होता. वर्दी न येण्यावर बेतलेली सगळी दक्षता इथे निरुपयोगी ठरली. यानंतर इम्पच्या आज्ञावलीत आणि तक्त्यांमध्ये बेरजेची पडताळणी आली, म्हणजे मजकुरातला एखादा अंक बिघडला तर तो पकडला जावा.

आता २७ ऑक्टोबर १९८० कडे येतो. या थ्रेडचे मूळ कारण हाच दिवस.

त्याआधी दीड वर्ष, मे १९७९ मध्ये, आर्पानेटवर मार्ग ठरवण्याची नवी पद्धत बसवली गेली होती. जुन्या पद्धतीत शेजाऱ्याच्या निष्कर्षावर विसंबावे लागे. नव्या पद्धतीत प्रत्येक इम्प फक्त स्वतःच्या तारांची स्थिती सांगे, ती वर्दी सर्व ठाण्यांपर्यंत पोहोचे, आणि संपूर्ण नकाशा ज्याचा त्याने काढायचा. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर ऐकीव वृत्तान्ताऐवजी प्रत्यक्षदर्शीची साक्ष. पद्धत सर्वार्थाने सरस होती आणि आजच्या इंटरनेटच्या पोटात तिचेच वंशज राबत आहेत.

पण तिला एक कळीचा प्रश्न सोडवावा लागे. एकाच ठाण्याच्या दोन वर्द्या वेगवेगळ्या वाटांनी आल्या तर ताजी कोणती? यासाठी वर्दीवर क्रमांक टाकलेला असे. मेमरी महाग होती, म्हणून क्रमांकाला सहाच बिट दिले होते. सहा बिटांत ० ते ६३ एवढेच आकडे बसतात. ६३ नंतर पुन्हा ०. मग ६३ नंतर आलेला २ हा ताजा, हे कसे ठरवायचे? घड्याळात आपण ठरवतो तसेच. अकरानंतर एक वाजतो तेव्हा एक हा आकडा लहान असूनही वेळ पुढची असते, कारण पुढच्या दिशेने मोजले तर अंतर अर्ध्या वर्तुळाहून कमी आहे. इम्पही हेच करत : पुढे मोजताना अंतर ३२ किंवा कमी असेल तर तो क्रमांक ताजा.

आता घड्याळावर तीन आकडे घ्या : १२, ४ आणि ८. बाराच्या पुढे चार, चाराच्या पुढे आठ आणि आठाच्या पुढे बारा. प्रत्येक जण दुसऱ्याहून ताजा! दगड-कागद-कात्रीच्या खेळात कोणी कायमचा जिंकत नाही, त्यातलाच हा प्रकार. निरोगी जाळ्यात असे तीन क्रमांक एकाच वेळी फिरत असणे शक्य नव्हते. म्हणून तो विचार कोणी केला नव्हता.

त्या दिवशी इम्प क्रमांक ५० ने एक साधी वर्दी पाठवली. तिचा क्रमांक होता ४४. शेजारचा इम्प क्रमांक २९ आजारी होता. त्याच्या मेमरीतून अधूनमधून बिट गळत होते. ४४ हा आकडा दोनच्या पायात लिहिला तर होतो १०११००. त्यातला एक ‘१’ गळाला की उरते १०१०००, म्हणजे ४०. त्यातला आणखी एक गळाला की ००१०००, म्हणजे ८. आठाहून चाळीस ताजा, चाळिसाहून चव्वेचाळीस ताजा, आणि वर्तुळावर पुढे मोजले तर चव्वेचाळिसाहून आठ ताजा. तीन खोट्या भावंडांची साखळी जुळली.

पुढे जे घडले त्याला कोणा दुष्टाची गरज नव्हती. प्रत्येक इम्पने वर्दी घेतली, ती आपल्याकडच्यापेक्षा ताजी आहे असे पाहिले, नियमाप्रमाणे ती सर्व शेजाऱ्यांना पाठवली. तोवर दुसरी आली, तीही ताजी. मग तिसरी, मग पुन्हा पहिली. जुन्या वर्दीने मरावे म्हणून तिला वयही दिलेले होते. पण वय मोजले जाई ते वर्दी मेमरीत पडून असताना. या तिघी कुठे थांबतच नव्हत्या. हातातून हातात जाणारी वस्तू म्हातारी व्हायला वेळच मिळत नव्हता.

वर्द्यांच्या प्रक्रियेला सर्वांत वरचा अग्रक्रम होता. तो द्यायलाच हवा होता. मार्गच ठाऊक नसतील तर पॅकेटे पाठवायची कुठे? त्यामुळे इम्प दुसरे काहीही करेनासे झाले. ‘ऐकू आले’ असे शेजाऱ्याला सांगण्याइतकीही उसंत राहिली नाही. उत्तरे हुकली, म्हणून शेजाऱ्यांनी धडधाकट तारा मृत ठरवल्या. जाळे कित्येक तास निरुपयोगी होऊन पडले. केंद्रात बसलेल्यांना दिसत होते ते तारा मेल्याचे चित्र. वास्तवात तारा शाबूत होत्या, बहुतेक सर्व इम्प शाबूत होते आणि आज्ञावली नेमून दिलेले काम चोख करत होती.

नेहमीचा उपाय म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे. इथे तो चालेना. एखादा इम्प नव्याने सुरू झाला की शेजारी त्याला त्याच तीन वर्द्या देत आणि तो पुन्हा त्याच फेऱ्यात सापडे. ज्या गुणामुळे जाळे एका ठाण्याच्या मृत्यूने मरत नसे, त्याच गुणामुळे हा विकारही एका ठाण्याच्या पुनर्जन्माने मरत नव्हता. शेवटी इम्पच्या मेमरीतला मजकूर जसाच्या तसा उतरवून पाहण्यात आला. रांगेत ओळीने उभे होते : ८, ४०, ४४, ८, ४०, ४४. सगळ्या वर्द्या इम्प ५० च्या. मग एक छोटीशी दुरुस्ती तयार झाली, की इम्प ५० कडून आलेली कोणतीही वर्दी मानू नका. ती सर्व ठाण्यांवर बसली आणि जाळे शुद्धीवर आले.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते बीबीएनच्या एरिक रोझेन यांनी जुलै १९८१ मध्ये लिहिलेल्या एका टिपणामुळे. आरएफसी ७८९ या क्रमांकाने ते आजही कोणालाही वाचता येते. मी अनेक लढायांचे आणि संस्थानांचे अहवाल वाचले आहेत. पराभवानंतर लिहिलेल्या कागदाचा सूर कसा असतो हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. दोष खालच्या माणसावर, श्रेय वरच्या माणसाला. रोझेन यांच्या टिपणात तसे काही नाही. दोषी यंत्राचे निमित्त करून ते सुटका करून घेत नाहीत. बिट गळणे ही ठिणगी. पण क्रमांकांची रचना, वय मोजण्याची रीत, तारेवर होणारी पण मेमरीत न होणारी पडताळणी, अग्रक्रमांची उतरंड, या प्रत्येक ठिकाणी वाळलेले गवत होते, हे ते एकेक करून दाखवतात. काही उपायांची किंमतही मोजतात, कारण प्रत्येक वर्दी तपासत बसायची तर तेवढा वेळ पॅकेटांच्या वाट्याचा कमी होतो. ऐतिहासिक साधन म्हणून मला हे टिपण थोर वाटते. पुढे १९८३ मध्ये रेडिया पर्लमन यांनी अशा वर्द्या विकारातूनही आपोआप सावरतील अशी रचना मांडली आणि त्यानंतरच्या पद्धतींनी क्रमांक लांब केले, पडताळणी वर्दीच्या आतच घातली. सहा बिटांची काटकसर पुन्हा कोणी केली नाही.

पण मूळ प्रश्न तसाच राहतो. हे आधी कळले असते का? इम्प २९ आजारी आहे एवढे सांगता आले असते. त्याच्या आजाराने संपूर्ण देशाचे जाळे पडेल हे केवळ नोंदी ठेवून कळणे शक्य नव्हते, कारण असे पूर्वी कधी घडलेच नव्हते. बदलत राहणाऱ्या जाळ्याची ही खरी अडचण आहे. मागच्या दहा वर्षांच्या नोंदी असतात त्या मागच्या जाळ्याच्या. नवी पद्धत आली की जाळे तेच राहत नाही. आणि नवी पद्धत येते ती बहुधा जुना आजार बरा करण्यासाठी.

तरीही एक भाकीत खरे ठरले आहे, आणि ते नोंदींवरून नव्हे तर विचारातून आले होते. जानेवारी १९८४ मध्ये फोर्ड एरोस्पेसमधील जॉन नेगल यांनी इशारा दिला. संगणक पॅकेट पाठवतो, पोच येण्याची वाट पाहतो आणि पोच आली नाही तर पॅकेट हरवले असे समजून पुन्हा पाठवतो. समजा जाळे तुंबलेले आहे. पॅकेट हरवलेले नाही, नुसते रांगेत आहे. पाठवणारा मात्र गप्पपणाचा अर्थ ‘हरवले’ असा घेतो आणि आणखी एक प्रत ढकलतो. सगळेच असे करू लागले की जाळे प्रतींनीच भरते आणि त्या अवस्थेत स्थिरावते. आर्पानेटवर हे अद्याप दिसत नाही, कारण तिथे क्षमता गरजेपेक्षा जास्त आहे, हेही नेगल यांनी नोंदवले होते.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ते दिसले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. म्हणजे चालत जाऊन कागद हातात देणे जलद पडले असते. प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातील मायकेल कॅरेल्स यांच्यासह जो उपाय काढला तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे मर्म एका वाक्यात मावते : पोच आली नाही तर ओरडू नका, आवाज खाली आणा. तीच शांतता, पण तिचा अर्थ बदलला. ‘हरवले, पुन्हा पाठव’ याऐवजी ‘गर्दी आहे, थांब’. नवी तार ओढावी लागली नाही. आज तुमच्या हातातल्या फोनमध्ये त्या उपायाची पुढची पिढी चालू आहे.

याच दशकात आणखी एक गोष्ट घडली, जिच्याविषयी इतिहासात फारच थोडे लिहिले जाते. केंद्र नाहीसे झाले. अनेक जाळ्यांचे एक जाळे झाले, १९९० मध्ये आर्पानेट विसर्जित झाले, आणि जिथे सर्व ठाण्यांच्या वर्द्या येतील अशी खोली जगात कुठेच उरली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस यांनी एका संध्याकाळी ‘पिंग’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली होती. पाणबुडी शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिचे नाव पडले. हाक द्यायची आणि प्रतिध्वनी ऐकायचा. इम्प आपसांत जे करत ते आता कोणीही, कुठूनही, कोणाशीही करू शकत होता. केंद्राची जागा या अशा विखुरलेल्या हाकांनी घेतली.

केंद्र गेल्याचा परिणाम भारताने ३० जानेवारी २००८ रोजी अनुभवला. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन केबली जवळपास एकाच वेळी तुटल्या. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या. कागदावर त्या दोन वेगळ्या मालकांच्या, एक पडली तर दुसरी आधाराला अशा. प्रत्यक्षात भूगोलाने त्यांना सुएझच्या एकाच चिंचोळ्या वाटेत कोंबले होते. भारताची युरोपकडे जाणारी वाहतूक एकदम आकुंचन पावली आणि उरलेली लांबच्या पूर्वेकडच्या वाटेने वळवावी लागली. ज्यांनी मसाल्याच्या व्यापाराचा इतिहास वाचला आहे त्यांना तांबड्या समुद्राच्या या वाटेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुरून बिघाड ओळखण्याच्या शास्त्राला पुढची मोठी कसोटी मिळाली ती २०११ मध्ये, तीही इजिप्तमध्येच. २७ जानेवारीच्या रात्री तिथल्या सरकारने आंदोलन दडपण्यासाठी देशाचे इंटरनेट तोडले. आतून कोणी सांगू शकत नव्हते. बाहेरच्या संशोधकांनी दोन खुणा पाहिल्या. एक उघड होती : इजिप्तकडे जाणारे मार्ग जगाच्या मार्ग-तक्त्यांतून भराभर पुसले गेले. दुसरी मला फार विलक्षण वाटते. जगात काही पत्ते मुद्दाम रिकामे ठेवलेले असतात. तिथे कोणी राहत नाही, त्यामुळे तिथे काही येऊ नये. तरी कचरा येतोच, कारण विषाणू लागलेले संगणक आंधळेपणाने कोणत्याही पत्त्यावर धडका देत असतात. इजिप्तमधल्या आजारी संगणकांचा तो कचरा त्या रात्री ओसरला. रोगट गोंगाट थांबला, यावरून देश तुटल्याचे आणखी एक प्रमाण मिळाले.

दोन वर्षांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील लिन क्वान, जॉन हायडमन आणि युरी प्रादकिन यांनी ‘ट्रिनॉक्युलर’ ही पद्धत मांडली. पत्त्यांचे २५६-२५६ चे गट करायचे, दर अकरा मिनिटांनी प्रत्येक गटात मोजक्या हाका द्यायच्या. एखादा पत्ता गप्प राहिला म्हणून तो भाग बंद पडला असे होत नाही. माणसे रात्री यंत्रे बंद करून झोपतात. म्हणून हा गट एरवी किती बोलका असतो याचा इतिहास आधी पाहायचा आणि त्याच्या तुलनेत आजच्या शांततेचे वजन ठरवायचे. खात्री होत नसेल तरच आणखी हाका द्यायच्या. एरवी मितभाषी असणाऱ्याचे मौन आणि बडबड्याचे मौन यांत फरक करणे, एवढेच हे गणित. पन्नास वर्षांपूर्वी केंब्रिजच्या खोलीत पडलेला पेच यात सुटला असे नाही. त्याचे उत्तर संभाव्यतेच्या भाषेत देता येऊ लागले.

आणि जासूद त्याच वाटेवर अडकण्याचे काय? ४ ऑक्टोबर २०२१ तुम्हाला आठवत असेल. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते. कंपनीने दुसऱ्या दिवशी जे निवेदन दिले त्यानुसार, आपल्या जगभरच्या मुख्य दुव्यांमध्ये किती क्षमता शिल्लक आहे हे तपासण्यासाठी देखभालीदरम्यान एक आज्ञा दिली गेली आणि तिने तो सारा कणाच तोडला. अशी आज्ञा अडवणारी जी तपासणी होती तिच्यातच दोष होता. मग कंपनीच्या नावपत्त्यांच्या यंत्रांनी पाहिले की आपला मुख्य केंद्रांशी संपर्क तुटला आहे. अशा वेळी जगाला आपल्याकडे येणारा मार्ग सांगणे थांबवावे, असा त्यांना नियम होता. त्यांनी नियम पाळला. १९८० सारखेच, प्रत्येक भाग आपापले काम चोख करत होता.

बिघाड शोधण्याची अंतर्गत साधनेही त्याच जाळ्यावर बसलेली असल्याने बहुतेक बंद पडली. अभियंते स्वतः डेटा सेंटरवर पाठवावे लागले. तिथे पोहोचून आत शिरायला आणि यंत्रांना हात लावायला वेळ लागला, कारण त्या इमारती कोणीही सहज आत येऊ नये अशाच बांधलेल्या होत्या. जाळे पुन्हा उभे राहिल्यावर सगळ्या सेवा एकदम सुरू केल्या असत्या तर वाढलेल्या भाराने ती पुन्हा पडण्याची भीती होती. ती चढण मात्र त्यांनी सावकाश पार पाडली, कारण मोठ्या संकटांची रंगीत तालीम ते नियमित करत असत. एखादी सेवा, एखादे डेटा सेंटर, कधी एक संपूर्ण प्रदेश मुद्दाम बंद करून पाहिला जाई. संपूर्ण कणाच नाहीसा झाला आहे, अशी तालीम तोवर एकदाही झाली नव्हती.